घर कोणत्या दारातून आलं? पुण्यातली पुनर्वसनाची, म्हाडाची आणि महापालिकेची घरं सांभाळायला नव्याने बसलेल्यांसाठी

पुनर्वसनाच्या इमारतीत नव्याने निवडून आलेला सचिव, वस्तीत काम सुरू केलेली कार्यकर्ती, मालमत्ता विभागात बदलून आलेला लिपिक, या तिघांचीही पहिल्या महिन्यात एकाच ठिकाणी गाडी अडते. समोरचा माणूस "माझं घर" म्हणतो. पण कागदावर तो मालक आहे, भाडेकरू आहे, परवानाधारक आहे की नुसताच ताब्यात आहे, हे त्यालाही नीट माहीत नसतं. ते कळल्याशिवाय अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, थकबाकी कोणी वसूल करायची, माणूस गेल्यावर नाव कोणाचं लागायचं, यातलं काहीच ठरत नाही. इथे शब्द चुकला की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि सहा महिन्यांनी "आमच्याकडे येत नाही" असा शेरा घेऊन परत येतो. म्हणून हे शब्द काम ज्या क्रमाने पुढे सरकतं त्या क्रमाने घेतले आहेत.

पायरी 1: आधी दार ओळखा

पुण्यात गरिबांसाठी आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठी बांधलेलं घर साधारण पाच वाटांनी येतं.

झोपु योजना. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणामार्फत बिल्डर इमारत बांधतो. पात्र झोपडीधारकाला सदनिका मिळते आणि बिल्डरला त्याच्या बदल्यात विक्रीसाठी बांधकाम किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क (बोलीभाषेतला टीडीआर), मिळतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी मिळून हे प्राधिकरण 2005 साली स्थापन झालं. लोक याला सरसकट 'एसआरए' म्हणतात.

म्हाडा. पुणे गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाचं कार्यालय स्टेशनजवळ आगरकर नगरात आहे. म्हाडाच्या जुन्या वसाहती आणि नव्या सोडतीची घरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. जुन्या वसाहतीत अजून भाड्याचे किंवा भाडेखरेदीचे, म्हणजे हप्ते फिटल्यावर मालकीचे होणारे, गाळे सापडतात. सोडतीतलं घर मात्र विकत घेतलेलं असतं.

महापालिकेची स्वतःची घरं. यात जुन्या चाळी येतात, सफाई कामगारांच्या वसाहती येतात आणि रस्ता, नाला, पूल अशा कामांत ज्यांचं घर गेलं त्या प्रकल्पबाधितांना दिलेल्या सदनिकाही येतात. बहुतेक ठिकाणी मालकी महापालिकेची आणि राहणाऱ्याकडे फक्त वापराचा हक्क असतो.

केंद्राच्या योजना. जवाहरलाल नेहरू पुनरुत्थान अभियानातली 'बीएसयूपी'ची, म्हणजे शहरी गरिबांना मूलभूत सेवा देणाऱ्या योजनेची घरं आणि 2015 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना. यरवड्यात बीएसयूपीखाली लोकांना न हलवता, आहे त्याच जागी घरं बांधली गेली. तिथे जमिनीच्या हक्काचा प्रश्न टॉवरमधल्या सदनिकेपेक्षा वेगळा पडतो. आवास योजनेत महापालिकेने खराडी, हडपसर आणि वडगाव खुर्द इथे इमारती उभ्या केल्या.

पूरग्रस्त वसाहती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पुनर्वसन झालं. तिथल्या कागदांत 'पूरग्रस्त' हा शब्द अजून जिवंत आहे आणि जमिनीची अट मूळ वाटपाच्या आदेशात असते. असं प्रकरण हातात आलं तर तो आदेश शोधणं हे पहिलं काम.

दार ओळखायला तीन प्रश्न पुरतात. जमीन कोणाची? इमारत कोणाच्या नावावर? राहणाऱ्याच्या हातात नेमका कोणता कागद आहे? तिन्हींची उत्तरं वेगळी निघाली तर दचकू नका, या कामात ते नेहमीचंच आहे. जमिनीसाठी मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. इमारतीसाठी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आणि सोसायटीचा नोंदणी दाखला पाहा. राहणाऱ्याकडून वाटपपत्र मागा. मिळकतकराची पावती आणि महावितरणचं बिल यांनी राहणं दिसतं, मालकी सिद्ध होत नाही. नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत या दोन कागदांवर होते, कारण लोक तेच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि तेच आधी पुढे करतात.

पायरी 2: राहणारा कोण, ते कागदावरून ठरवा

वाटपधारक म्हणजे ज्याच्या नावे वाटपपत्र निघालं तो. म्हाडात त्याच अर्थाने गाळेधारक म्हणतात. तिथला 'गाळा' म्हणजे दुकान नव्हे, घर. झोपु योजनेत सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायची असते. म्हणून वाटपपत्रावर एकच नाव दिसलं तर कारण विचारा. पुढे घटस्फोट किंवा मृत्यू झाला की हीच गोष्ट भांडणाची होते.

भाडेकरू आणि परवानाधारक यांतला फरक महत्त्वाचा आहे. भाडेकरूला जागेत हितसंबंध मिळतो. परवानाधारकाला फक्त वापरायची परवानगी मिळते आणि मुदत संपली की ती संपते. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा हा परवानाधारक असतो, रोजच्या बोलण्यात त्याला भाडेकरू म्हटलं तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं भाडेकरूला मिळणारं संरक्षण सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागेला लागत नाही. कलम 3 मध्येच ती सूट आहे. त्यामुळे महापालिकेच्या चाळीतल्या माणसाला "तुम्ही तीस वर्षं भाडं भरताय, तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही" असं सांगू नका. त्याचा आधार वाटपाच्या अटी आणि महापालिकेचे ठराव हा असतो.

भोगवटादार हा जपून वापरायचा शब्द. त्याचा अर्थ प्रत्यक्ष ताब्यात असलेला माणूस, एवढाच. हक्क आहे की नाही हे त्यातून कळत नाही. हक्क नसलेला तो अनधिकृत भोगवटादार. पाहणीच्या तक्त्यात 'राहणाऱ्याचे नाव' आणि 'वाटपधारकाचे नाव' असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. एकाच रकान्यात दोन्ही घुसवलेल्या याद्या पुढे कोणाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत.

पोटभाडेकरू म्हणजे मूळ भाडेकरूने परस्पर ठेवलेला माणूस. सार्वजनिक मालकीच्या घरात परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला की वाटपाच्या अटीचा भंग होतो आणि वाटप रद्द होण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

पायरी 3: झोपडीपासून सदनिकेपर्यंतची फाईल

या वाटेवर सगळ्यात जास्त शब्द आहेत आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. म्हणून इथे वेळ द्या.

घोषित झोपडपट्टी म्हणजे महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, 1971 खाली कलम 4 ने जाहीर झालेली वस्ती. पुनर्वसन क्षेत्र म्हणून घोषणा होते ती कलम 3-क खाली, आणि ती वेगळी. वस्ती घोषित आहे म्हणजे तिथे योजना मंजूर झाली असं नाही. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि बिल्डरचा माणूस ती करू देतो.

फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र. त्यावर कुटुंबाचा फोटो आणि झोपडीचा क्रमांक असतो. तो ज्याच्या नावे आहे तो माणूस वारला असेल, तर योजना येण्याआधीच वारसाच्या नावे करून घ्या. सर्वेक्षण सुरू झाल्यावर ही धावपळ केली तर चार वेगवेगळ्या रांगांत उभं राहावं लागतं.

सर्वेक्षणात प्रत्येक झोपडीला क्रमांक पडतो, मोजमाप होतं, बायोमेट्रिक घेतलं जातं. त्या दिवशी घर कुलूपबंद असेल तर 'बंद झोपडी' अशी नोंद होते आणि ती पुसायला नंतर महिने जातात. घरातली सगळी माणसं कामावर जाणारी असतील तर सर्वेक्षणाच्या दिवशी एकाने सुट्टी घ्यायलाच हवी.

परिशिष्ट-2 ही या फाईलमधली सगळ्यात वजनदार यादी. सक्षम प्राधिकारी ती तयार करतो आणि तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे पात्र, अपात्र किंवा अनिर्णित असा शेरा पडतो. आधी प्रारूप यादी लागते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात, मग अंतिम यादी निघते. प्रारूप यादी लागली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा आणि नाव, आडनाव, वडिलांचं नाव, झोपडी क्रमांक, क्षेत्रफळ, वापर (निवासी की व्यावसायिक) एकेक करून तपासा. हरकतीची मुदत नोटिशीत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "साहेबांशी बोलणं झालंय" याला फाईलमध्ये जागा नसते.

पात्रता तारखेवर ठरते. 1 जानेवारी 2000 पूर्वीपासूनचं वास्तव्य सिद्ध झालं तर सदनिका विनामूल्य. त्यानंतरच्या पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपड्यांसाठी सशुल्क पुनर्वसन हा शब्द आहे, म्हणजे घर मिळतं पण पैसे भरून. पुराव्याचे दोन ढीग लागतात. जुन्या तारखेचा ढीग म्हणजे मतदार यादीचा उतारा, जुनं वीजबिल, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले. दुसरा ढीग आज त्याच झोपडीत राहत असल्याचा. बरेच जण पहिला जमवतात आणि दुसरा विसरतात.

अपात्रतेची कारणं फिरून फिरून तीच असतात. मतदार यादीत 'शिंदे' आणि आधारवर 'शिन्दे'. पुरावा जुन्या वस्तीतल्या पत्त्याचा. झोपडी विकत घेतली पण व्यवहार फक्त शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. पोटमाळ्यावर वेगळं कुटुंब राहतं आणि ते स्वतंत्र घर मागतं, जे साधारणपणे मिळत नाही. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र चालतं. पत्त्याच्या फरकाला मात्र प्रतिज्ञापत्र पुरत नाही, तिथे मतदार यादीचा भाग क्रमांक आणि झोपडी क्रमांक यांची सांगड घालणारा कागद लागतो. यादी अंतिम झाल्यावरही अपात्राला अपिलाचा मार्ग असतो. आदेशाच्या प्रतीवर तारीख घालून घ्या, कारण अपिलाची मुदत तिथून मोजतात.

आशयपत्र, ज्याला काही जण इरादापत्र म्हणतात, हे प्राधिकरणाने बिल्डरला दिलेलं मंजुरीचं पत्र. त्यातल्या अटी रहिवाशांनी वाचायच्या असतात, कारण संक्रमण काळातलं भाडं, देखभाल निधी, सोसायटीचं कार्यालय, बालवाडीची खोली हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत या पत्राची एक झेरॉक्स असायला हवी.

संक्रमण शिबिर म्हणजे इमारत होईपर्यंत राहायची तात्पुरती जागा. हल्ली शिबिराऐवजी महिन्याचं भाडं देतात. झोपडी रिकामी करण्यापूर्वी वैयक्तिक करारनामा हातात घ्या. त्यात भाड्याची रक्कम, किती महिन्यांचं आगाऊ, दरवर्षी वाढ किती, काम लांबलं तर काय, आणि नव्या सदनिकेचं चटई क्षेत्र हे सगळं आकड्यांत लिहिलेलं हवं. पुण्यातल्या जुन्या योजनांत हे क्षेत्र 269 चौरस फूट, म्हणजे 25 चौरस मीटर होतं. नव्या नियमावलीत ते 300 चौरस फूट, म्हणजे 27.88 चौरस मीटर झालं. आपली योजना कोणत्या नियमावलीखाली मंजूर आहे ते आशयपत्राच्या तारखेवरून कळतं. चटई क्षेत्र भिंतीच्या आतून मोजतात. ताबा घेताना टेप घेऊन जा आणि प्रत्येक खोली आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून लिहा.

सदनिका क्रमांक सोडतीने ठरतो. मग वाटपपत्र, मग ताबापावती. ताबापावतीवर सही करण्याआधी नळाला पाणी येतं का, संडासाचा उतार बरोबर आहे का, विजेचा मीटर कोणाच्या नावे आहे, दारं-खिडक्यांना कड्या आहेत का, एवढं बघा आणि जे नाही ते पावतीवरच लिहा. सही झाली की 'सर्व सुस्थितीत मिळाले' असा अर्थ होतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का हेही आधी विचारा. ते नसेल तर पाण्याचं कायम कनेक्शन अडतं आणि टँकरचं बिल रहिवाशांच्या डोक्यावर येतं.

पायरी 4: म्हाडा आणि आवास योजनेचे शब्द

इथे वाट सरळ आहे. सोडत म्हणजे लॉटरी. गट चार: अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च. पुणे महानगर क्षेत्रात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम. कौटुंबिक म्हणजे पती आणि पत्नी दोघांचं मिळून. नवऱ्याचंच उत्पन्न दाखवून अर्ज केला आणि बायकोही विवरणपत्र भरते असं निघालं की सोडत लागूनही घर जातं.

20 टक्के योजना हा पुण्याच्या सोडतीत नेहमी कानावर पडणारा शब्द. मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पात काही सदनिका कमी उत्पन्न गटासाठी ठेवाव्या लागतात, त्या म्हाडाच्या सोडतीतून जातात. घर बिल्डरच्या इमारतीत असतं, त्यामुळे देखभाल खर्चही त्या इमारतीच्या मानाने येतो. अर्ज करण्याआधी तो आकडा विचारा, कारण घराचा हप्ता परवडतो आणि देखभाल परवडत नाही अशी कुटुंबं यात अडकतात. देकारपत्र म्हणजे विजेत्याला दिलेलं पत्र, त्यात पैसे भरायची मुदत असते. विजेत्याने नाकारलं तर प्रतीक्षा यादीतल्याला संधी. सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही.

आवास योजनेत भागीदारीतल्या, म्हणजे सरकारी किंवा खासगी संस्थेबरोबर मिळून बांधलेल्या, घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अनुदान आहे. उरलेला तो लाभार्थी हिस्सा. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट आहे, आणि गावाकडचं घर वडिलांच्या नावे की आपल्या, हे ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावरून तपासलं जातं.

जुन्या वसाहतीतल्या कामासाठी म्हाडात मिळकत व्यवस्थापकाकडे जायचं. भाडेखरेदी म्हणजे हप्ते फिटेपर्यंत मालकी मंडळाची. ते फिटल्यावर सोसायटीच्या नावे साधारणपणे इमारतीचं विक्रीखत आणि जमिनीचा भाडेपट्टा असे दोन कागद होतात. भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते ती तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

पायरी 5: भाड्याचं खातं वाचायला शिका

मागणी म्हणजे या काळासाठी जेवढं येणं आहे ते. वसुली म्हणजे प्रत्यक्ष आलेलं. थकबाकी म्हणजे मागचं राहिलेलं. शब्द सोपे आहेत, पण अहवालात त्यांची मांडणी चुकते. एक खातं घेऊ. मागील थकबाकी 8,400 रुपये. महिना 350 प्रमाणे वर्षाची चालू मागणी 4,200. एकूण मागणी 12,600. वर्षात भरणा 5,000. अखेरची बाकी 7,600. वसुलीची टक्केवारी एकूण मागणीवर काढायची, म्हणजे जवळपास 40 टक्के. हाच भरणा नुसत्या चालू मागणीशी लावला तर 119 टक्के दिसतो आणि वसाहत उत्तम चालली आहे असा कागद तयार होतो. प्रत्यक्षात त्या कुटुंबाच्या डोक्यावर जवळपास 22 महिन्यांचं भाडं आहे.

आलेला पैसा आधी सगळ्यात जुन्या थकबाकीत जमा करा आणि पावतीवर कोणत्या महिन्याचा ते लिहा. पावतीवर महिना नसेल तर पुढे दोघांचे हिशोब जुळत नाहीत. तीन महिने भाडं थकलं की घरी जाऊन भेट घ्या. बहुतेक वेळा मागे आजारपण, सुटलेलं काम किंवा घरातलं भांडण असतं आणि हप्ते बांधून दिले तर पैसे येतात. दोन वर्षं काही न बोलता एकदम नोटीस काढली तर त्या कुटुंबाला ती रक्कम कधीच झेपत नाही. हप्त्याचा करार लेखी हवा, चालू भाडं आणि थकबाकीचा हप्ता वेगवेगळे दाखवलेला.

वाटप रद्द झाल्याची नोटीस गेली असेल, तर त्यानंतरचा पैसा 'भाडे' म्हणून घेऊ नका. पावतीवर 'भोगवट्यापोटी नुकसानभरपाई, हक्कास बाधा न येता' असं लिहा. भाड्याची साधी पावती फाडली की नोटीस मागे घेतली असा युक्तिवाद होतो, आणि तो टिकूही शकतो.

पायरी 6: माणूस गेल्यावर

नामनिर्देशन आणि वारसा यांची गल्लत सगळीकडे होते. सोसायटीत नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे त्याला मालकी मिळत नाही. तो वारसांच्या वतीने घर सांभाळणारा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेण्याची सोय आहे. कायमचं नाव लावायला वारसांची कागदपत्रं लागतात.

क्रम असा ठेवा. मृत्यू दाखला. सर्व वारसांची यादी, विवाहित मुलींसकट. मुलींची नावं गाळणं ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती अन्यायाचीही आहे. मग एकाच्या नावे करायचं ठरलं तर बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली संमती सोसायटी काही वेळा चालवून घेते, पण पुढे विक्रीच्या वेळी बँक ती मानत नाही. वाद असेल तर न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र. तलाठ्याकडची वारस नोंद ही शेतजमिनीची गोष्ट, ती सदनिकेला चालत नाही.

महापालिकेच्या भाड्याच्या घरात मात्र वारसाला घर आपोआप मिळत नाही. तिथे विभाग आपल्या धोरणाप्रमाणे नाव बदलून देतो. मृताबरोबर कोण राहत होतं, थकबाकी किती, वारसाच्या नावे दुसरं घर आहे का, एवढं पाहिलं जातं. म्हणून अर्जाबरोबर शिधापत्रिका आणि थकबाकी नसल्याचा दाखला आधीच जोडा. सफाई कामगाराचं निवासस्थान नोकरीशी बांधलेलं असतं. निवृत्ती किंवा मृत्यूनंतर ते सोडावं लागतं, जोवर मालकी हक्काने घर देणाऱ्या श्रमसाफल्य योजनेखाली वेगळा आदेश नसेल.

पायरी 7: सोसायटीचा हिशोब

पुनर्वसनाच्या इमारती आतून खचतात त्या देखभालीच्या पैशाने. झोपडीत महिन्याला फारसं काही भरावं लागत नव्हतं, इथे एकदम लिफ्ट, पंप, सफाई, जिन्यातले दिवे आले. लोक पैसे देत नाहीत, लिफ्ट बंद पडते, लिफ्ट बंद म्हणून आणखी लोक पैसे देत नाहीत. सातव्या मजल्यावरची आजी मग घरातच अडकते. हे पहिल्या वर्षातच थांबवता येतं.

सेवाशुल्क म्हणजे सफाई, सुरक्षा, कार्यालयीन खर्च यांचा वाटा, सगळ्या सदनिकांना समान. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापरो वा न वापरो, म्हणजे तळमजल्यालाही. हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीतच आहे, म्हणून भांडण न करता तो नियम वाचून दाखवा. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर.

दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. धरा, एका सदनिकेचा बांधकाम खर्च 6 लाख. मग दुरुस्ती निधी वर्षाला 4,500, म्हणजे महिना 375, आणि सिंकिंग फंड वर्षाला 1,500, म्हणजे महिना 125. हे 500 रुपये रोजच्या खर्चात वापरायचे नसतात. सिंकिंग फंड मोठ्या संरचनात्मक कामासाठी, सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच काढायचा.

देखभाल निधी, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात, तो योजनेत बिल्डरने भरलेला असतो आणि त्याच्या व्याजातून इमारत चालावी अशी कल्पना असते. तो कुठे ठेवला आहे, कोणाच्या नावे, व्याज कधी मिळतं, हे प्राधिकरणाला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत त्याच्या भरवशावर वर्गणी कमी ठेवू नका.

बिनभोगवटा शुल्क म्हणजे सभासदाने घर भाड्याने दिलं तर आकारायची रक्कम. ती सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क 900 असेल तर 90 रुपये. "भाडेकरू ठेवलात, महिना हजार द्या" असा ठराव टिकत नाही. थकबाकीवरचं व्याज वर्षाला 21 टक्क्यांच्या वर नाही. वसुली अगदीच अडली तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे सहकार कायद्याच्या कलम 154-ब-29 खाली वसुली दाखला मागता येतो. त्यासाठी सभेचा ठराव, नोटिशींच्या पोच आणि खातेउतारा नीट हवा. बहुतेक अर्ज खातेउताऱ्याच्या चुकांमुळे परत येतात.

गळतीचं भांडण प्रत्येक इमारतीत आहे. गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप यांतून पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्याच्या न्हाणीघरातून, संडासातून, सिंकमधून येत असेल तर वरच्या सभासदाचा. कोणाचं ते ठरवायला वरच्या घरातले नळ दिवसभर बंद ठेवून बघा, मग न्हाणीत रंग टाकलेलं पाणी सोडा. प्लंबरला आधीच बोलावून फरशी फोडू नका.

अग्निसुरक्षेची उपकरणं असतील तर परवानाधारक एजन्सीचा, उपकरणं चालू स्थितीत असल्याचा नमुना-ब दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. इमारत तीस वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणीचा दाखला महापालिकेला द्यायचा असतो. आणि मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे. ती लागलेली नसेल तर पीटी-3 अर्ज भरून मिळते, घर भाड्याने दिलं की जाते. पुनर्वसनाच्या इमारतीत सगळ्या सदनिकांची आकारणी एकदम होते तेव्हा ही सवलत सुटून जाते. सोसायटीने सगळ्यांचे अर्ज एकत्र भरून दिले तर प्रत्येक घराचे दरवर्षीचे पैसे वाचतात.

पायरी 8: विक्री, भाडं आणि मुखत्यारपत्र

पुनर्वसनाची सदनिका ठराविक वर्षं विकता, भाड्याने देता किंवा बक्षीस देता येत नाही, वारसा सोडून. जुन्या वाटपपत्रांवर 10 वर्षांची अट छापलेली दिसते आणि पुढे कायद्यात या मुदतीबाबत दुरुस्तीही झाली. म्हणून आपल्या घराला कोणती मुदत लागते ते प्राधिकरणाकडून लेखी घ्या. मुदत संपल्यावरही ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क लागतं.

या बंदीच्या काळात घरं कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याला आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) आणि नोटरी केलेल्या साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या करारावर, फिरतात. घेणारा सगळी रक्कम देतो आणि त्याच्या हातात काहीच येत नाही. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलं आहे. देणारा माणूस मेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं आणि त्याची मुलं दारात उभी राहतात. कोणी असा व्यवहार करायच्या बेतात असेल तर पैसे जाण्याआधी त्याला अडवा.

जिथे भाड्याने देणं कायदेशीर आहे तिथे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. 'अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. पुणे पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

पायरी 9: घर रिकामं करून घेण्याची वेळ आली तर

निष्कासन म्हणजे कायदेशीर मार्गाने बाहेर काढणं. कुलूप लावणं, पाणी तोडणं, सामान जिन्यात ठेवणं यांना तो शब्द लागत नाही. महापालिकेच्या जागेसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 81-ब आहे, म्हाडाच्या जागेसाठी म्हाडा अधिनियमाचं कलम 66. आधी कारणे दाखवा नोटीस, म्हणणं मांडायला संधी, मग कारणांसह आदेश. नोटीस नावाने आणि त्या घरातल्या 'इतर सर्व भोगवटादारांना' अशी काढा. दारावर डकवली तर दोन पंचांसमक्ष पंचनामा करा आणि तारखेसह फोटो घ्या.

नोटीस ज्याच्या हाती आली त्याने ती बाजूला ठेवू नये. दिलेल्या तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या, पोच घ्या, आदेशाची प्रत मागा. घरात बाळंतीण, आजारी माणूस किंवा परीक्षेचं मूल असेल तर मुदत मागता येते, पण ती अर्ज करूनच. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाचा अर्ज मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगांना तिथे उत्पन्नाची मर्यादा लागत नाही.

प्रत्येक घरासाठी एक फाईल उघडा आणि तिच्यात वरून खाली असा क्रम ठेवा: वाटपपत्र, ताबापावती, कुटुंबाची यादी फोटोसह, नामनिर्देशनाचा नमुना, भाड्याचा किंवा देखभालीचा खातेउतारा, दुरुस्तीच्या तक्रारी पोचेसह, नोटिसा. वाटपपत्र हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून दुय्यम प्रतीचा अर्ज आजच द्या. ज्या अधिकाऱ्याने वाटप केलं तो बदलून गेल्यावर जुनं रजिस्टर शोधायला फार दिवस लागतात.